पोरीला 'गा' म्हणणारा ड्रायव्हर

माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या ती आणते आणि तिच्या मागून मीही वाचतो. आधी ती काय वाचते ते पाहावं एवढाच हेतू होता, आता मलाच सवय लागली आहे.

माझे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. निवृत्तीनंतर त्यांनी तिथेच घर बांधलं. दर रविवारी नातीशी फोनवर बोलतात. मागच्या महिन्यात फोन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "पोरगी माझ्यासंग पाहुण्यासारखी काहून बोलून राहिली गा?"

लक्ष दिलं तर खरंच तसं होतं. आबांशी एरवी 'मले, तुले' करणारी मुलगी आता शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं जपून बोलत होती. कारण विचारलं तर तिने एक कादंबरी पुढे केली.

"बाबा, पुस्तकात तसं फक्त हसवायला बोलतात."

ती कादंबरी मी वाचली होती. पुन्हा वाचली. पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगतो. गोष्ट कुठे सैल पडत नाही आणि मुलं स्वतःच्या डोक्याने वागतात. पण त्यांना सुट्टीत फिरवणारा जीपचा ड्रायव्हर आमच्याकडचं, आबा बोलतात तसं बोलतो. तो तेरा ठिकाणी बोलतो आणि त्यातल्या अकरा ठिकाणी कोणीतरी हसतं. पहिल्या वाचनात मी हे मोजलं नव्हतं.

रविवारी मुलीला घेऊन कोराडीला गेलो तेव्हा पुस्तक सोबत घेतलं. आबांना वाईट वाटेल म्हणून ती वाचून दाखवायला तयार नव्हती. लपवण्यापेक्षा समोर ठेवलेलं बरं, असं मी म्हणालो. ड्रायव्हरची वाक्यं बदलून वाचू का, असंही तिने विचारून पाहिलं. छापलेलं बदलायचं नाही, हे माझं जुनंच मत आहे.

वडील खाटेवर बसून ऐकत होते. ड्रायव्हर बोलला की तिचा आवाज बारीक व्हायचा. मग जीप नाल्याच्या पाण्यात अडकली, त्यातली लहान मुलगी रडू लागली आणि ड्रायव्हर म्हणाला, "भिऊ नको गा, पोरी."

माझी मुलगी थांबली. तिने ती ओळ पुन्हा पाहिली.

"काहून थांबली वं?" वडिलांनी विचारलं.

"आबा, पोरीले कोणी गा म्हणते का? गा पोराले, पोरीले वं म्हणते ना." मग पुस्तक मिटून तिने वरचं लेखकाचं नाव पाहिलं. "याले येतच नाही."

"मंग शिकव त्याले," वडील म्हणाले. "पण आधी पोरगी वाचली का, ते सांग."

तिने पान शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागली. पुढे ड्रायव्हर त्या मुलीशी जिथे जिथे बोलला, तिथे तिने 'गा'चं 'वं' केलं. मी शेजारी बसून पानावर नजर ठेवून होतो. मी तिला थांबवलं नाही.