फ्लॉवरपुढचं बटण

आकड्यांच्या ऑफिसात किस्से घडत नाहीत, असा लोकांचा समज असतो. माझाही होता. पण आमच्या आठल्ये सरांनी आमदारकीला उभं राहायचं ठरवलं आणि किस्से असे साचत गेले, जसे मार्चअखेरीला टेबलावर गठ्ठे साचतात! परवा मैत्रिणींना सांगायला बसले तर चहा दोनदा गरम करावा लागला.

आधी ओळख करून देते. आठल्ये सर म्हणजे सीए. ऑफिस शनिवार पेठेत, जिना चढून दोन खोल्या. तिथे सर, मी आणि वानखेडे. वानखेडे मूळचे अमरावतीकडचे, राहायला विश्रांतवाडीत, जीएसटीचं सगळं तेच बघतात. मी या ऑफिसात लग्नाआधी लागले, आता माझी मुलगी लग्नाची झाली.

*

एका दुपारी सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मी विधानसभेला अपक्ष उभा राहतोय. राज्याचं बजेट कोणी वाचतच नाही हो! कर कुठून येतो, कुठे जातो, कोणाला पत्ता नाही. कोणीतरी वाचणारा माणूस तिथे जायला हवा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

मग सर म्हणाले, "एक आधीच सांगून ठेवतो. कराचे कायदे करायचे आणि त्याच कराच्या कामाची फी घ्यायची, हे मला जमणार नाही. निवडून आलो तर ऑफिस बंद."

जिन्यात वानखेडे मला म्हणाले, "मॅडम, आपण टाळ्या कशाच्या वाजवून राहिलो?"

*

सरांना निशाणी हवी होती कॅल्क्युलेटर. ती दुसऱ्याला गेली. सरांना मिळाली फुलकोबी!

आम्हाला वाटलं, सर चिडतील. ते प्रसन्न चेहऱ्याने ऑफिसात आले. "ताज्या भाजीवर जीएसटी नाही. यापेक्षा स्वच्छ निशाणी दुसरी कुठली?" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पहिल्या सभेत त्यांनी त्यावरच पंधरा मिनिटं भाषण केलं.

मंडईजवळ एका बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कर नाही ते कळलं. किडी निघतात त्याचं काय?"

*

प्रचाराला घोषणा हवी म्हणून वानखेड्यांनी सरांकडे काहीतरी जोरदार लिहून मागितलं. आता सरांनी जन्मभर सही करायच्या आधी "आमच्या माहितीप्रमाणे" आणि "उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे" असंच लिहिलेलं. सवय जाते कुठे! त्यांनी घोषणा लिहिली, "खोटं आश्वासन देणार नाही, खरंही जपूनच देईन!"

ती रिक्षावर कर्णा लावून तीन पेठांत फिरली. रिक्षावाला संध्याकाळी येऊन म्हणाला, "साहेब, लोक हसतायत. पण थांबून ऐकतायत, एवढं खरं."

*

घरोघरी जायची जबाबदारी माझ्याकडे आणि सरांकडे. एका वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका गृहस्थांनी दार उघडलं. आत या म्हणाले नाहीत. जाळीच्या दारातूनच मुलाखत सुरू झाली.

"आमच्या समोरचं ड्रेनेज तुंबलंय."

"ते महापालिकेकडे येतं," सर म्हणाले.

"कोपऱ्यावरचा दिवा?"

"तेही महापालिकेकडे."

"लोकल गाड्या वाढवा मग."

"रेल्वे केंद्राकडे असते."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "मग तुमच्याकडे आहे काय?"

सर खुलले. "मुद्रांक शुल्क! त्यात फार मोठ्या सुधारणेला वाव आहे."

"अस्सं. मग आम्ही घर विकायला काढलं की या," असं म्हणून त्यांनी दार लावलं. जिन्यात सर मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. त्याने पूर्ण ऐकून घेतलं."

*

मला मात्र आता झोप लागेना. कारण सरांना खरंच लोक ओळखायला लागले होते. भाजीवाला फ्लॉवर तोलताना "आठल्ये घ्या!" म्हणून ओरडायचा. निवडून आले तर? माझी पन्नाशी उलटलेली, घरात पगार माझा एकटीचा. आमच्या यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सरांचं भलं व्हावं असं देवासमोर हात जोडून म्हणायचे आणि लगेच वाटायचं, फार भलं नको.

शेवटी हाताशी काहीतरी असावं म्हणून गुपचूप खराडीला एका कंपनीत मुलाखतीला गेले. काचेची इमारत, आत स्वेटर लागेल इतका एसी. समोर माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. गोड होती बिचारी. तिने विचारलं, "मॅम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी म्हटलं, "रिटायर झालेली."

ती म्हणाली, "वी विल गेट बॅक टू यू." अजून आलेली नाही.

*

सरांच्या सभांना गर्दी मात्र होऊ लागली. सरांचा आनंद गगनात मावेना. पुढच्या रांगेतली माणसं तर भाषण संपेपर्यंत हलायची नाहीत.

भाषण संपलं की कळायचं. प्रत्येकाच्या पिशवीत कराची एकेक नोटीस! "सर, हे काय आलंय बघा ना जरा." सर तिथेच, स्टेजच्या पायरीवर बसून, एकेकाला समजावून सांगायचे. मतांचं काय झालं देव जाणे, पण ऑफिसला एवढी नवी कामं आजवर कधी आली नव्हती. वानखेडे भेटीच्या वेळा ठरवताना हळूच म्हणाले, "मॅडम, दुकान बंद होऊन राहिलं म्हणून इतकी गर्दी कुठे पाहिली का तुम्ही?"

*

सगळ्यात भारी प्रचार केला तो काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने. त्यांना भाषणाचा कंटाळा. पण सोसायटीतल्या बायकांनी आग्रह केला, तेव्हा माईक हातात घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून यांनी मला बजेटबाहेर एक साडी घेऊ दिली नाही. सरकारला काय सोडतील!"

असल्या टाळ्या सरांना कुठेच पडल्या नव्हत्या.

*

मतदानाच्या आदल्या दिवशी मी वानखेड्यांना म्हटलं, "तुमचं बरं आहे. तुमचं मत विश्रांतवाडीत. तुम्हाला प्रश्नच नाही."

"मी सुटलो जी," ते म्हणाले. "तुमचंच अवघड आहे."

सकाळी शाळेत रांगेत उभी राहिले. यंत्रासमोर गेले तर तळाशी तो फ्लॉवर. मला माझी नोकरी दिसली, मुलीचं लग्न दिसलं. आणि हेही आठवलं, की आमचे हे गेले तेव्हा सरांनी मला सुट्टीबद्दल एक शब्द विचारला नव्हता, उलट माझ्या टेबलावरचं काम स्वतः बसून करत होते. बटण दाबलं. बाहेर येऊन शाळेच्या कट्ट्यावर जरा वेळ बसले.

*

निकालाच्या दिवशी मी आणि वानखेडे ऑफिसात मोबाइल मध्यभागी ठेवून बसलो होतो. आधी टपाली मतं मोजली. सर आघाडीवर! सरकारी नोकरांना सरांचं बजेट आवडलं असावं. वानखेड्यांच्या हातातला चहा बशीत गेला.

"अभिनंदन करायचं का, मॅडम?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

मग यंत्रं उघडली. पहिल्या फेरीत सर चौथे. दुसऱ्या फेरीत चौथे. पुढे पुढे तर नावच दिसेना. आम्ही एकमेकांकडे बघत "अरेरे" म्हणत होतो आणि दोघांच्याही चेहऱ्यावर रंग येत होता. मला हायसं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

दुपारी सर आले. मागून काकू, हातात सांज्याचा डबा. "हरलं तरी जेवावं लागतंच," म्हणत त्यांनी बशा मांडल्या.

सरांनी पंखा लावला, खुर्चीत बसले. "डिपॉझिट गेलं. उद्यापासून नेहमीप्रमाणे. त्या सगळ्या नोटिशींची उत्तरं द्यायची आहेत."

"हो सर!" वानखेडे इतक्या मोठ्याने म्हणाले की काकू दचकल्या.

मला राहवलं नाही. "सर, मी मात्र मत तुम्हालाच दिलं हो. ऑफिस बंद होणार माहीत असून दिलं."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही दिलंत?"

"मग! देणारच ती," काकू म्हणाल्या. "म्हणजे तुमचं, माझं आणि हिचं, तीन मतं तरी आपली हक्काची."

"दोन," सर म्हणाले.

"दोन कशी?"

"माझं धरू नकोस."

काकूंचा डाव हवेतच थांबला. "अहो, म्हणजे? तुम्ही स्वतःला मत दिलं नाहीत?"

"आपल्याच फर्मचं ऑडिट आपणच करतं का कोणी?" सर म्हणाले. त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली, माझ्या टेबलावर, वानखेड्यांच्या टेबलावर, भिंतीलगतच्या कपाटावर. आणि बशी पुढे केली.

"छान झालाय सांजा. अजून वाढ."