खोखा सापडेपर्यंत

फायरिंगच्या दिवशी अण्णा वेळेवर घरी आले नाहीत की आई गॅस बारीक करायची आणि म्हणायची, “हरवला वाटतं खोखा.” अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेत सुभेदार. आम्ही तेव्हा दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. खोखा म्हणजे गोळी झाडल्यावर मागे उरते ती रिकामी पितळी पुंगळी. सरावाच्या मैदानावर जवानाला जेवढ्या गोळ्या मिळाल्या, तेवढे खोखे त्यानं मोजून परत द्यायचे. एक जरी कमी भरला तरी अख्खी कंपनी गुडघ्यावर बसून गवत चाळणार. साहेब असो की नवा रंगरूट, खोखा सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

एका गणपतीत आरतीला सगळ्या बायका-पोरं ताटकळली होती. कापूर ताटात, मोदक झाकलेले, आणि एकाही घरातला पुरुष हजर नाही. अण्णा आले ते गुडघ्यांना चिखल आणि मनगटांवर गवताचे ओरखडे घेऊन. आई जाम भडकली होती. “एवढ्याशा पितळेपायी देवाला ताटकळत ठेवलंत?” अण्णा हात धुता धुता म्हणाले, “गोळी सरकारची असते. कुठं गेली ते सांगावं लागतं.” मला तेव्हा मोदकांची पडली होती, पण ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढे मीही केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, आणि बऱ्याच वर्षांनी मूळ खात्यातून मानवी हक्कांसाठी असलेल्या आयोगात प्रतिनियुक्तीवर गेले. माझ्या टेबलावर पोलिसांच्या चकमकीत मेलेल्या माणसांची प्रकरणं यायची. असा माणूस कुठेही मेला की त्याची खबर आयोगाला द्यावी लागते. मग आम्ही कागद मागवायचो: शवविच्छेदनाचा अहवाल, मॅजिस्ट्रेटची चौकशी, घरच्यांचं म्हणणं. गोळी झाडणं खरंच भाग पडलं होतं का, हे त्यावरून तपासायचं. भाग पडलं नसेल तर तो खून असतो, मग झाडणाऱ्याच्या अंगावर वर्दी असो नाहीतर लुंगी.

हे काम चारचौघांत सांगायची चोरी होती. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठल्याही एन्काउंटरची बातमी आली की टाळ्यांची आणि फटाक्यांची चित्रं पडायची. आमच्या गणपती मंडळाच्या अध्यक्ष वहिनींनी मला एकदा लिफ्टमध्ये गाठलं. “यार, तू पण ना! गुंड मेला तर मेला. बिल्कुल बरोबर झालं. तुला कशाला त्यांचा एवढा पुळका?”

मी म्हटलं, “वहिनी, परवा पार्किंगवरून सेक्रेटरीशी भांडताना ‘आधी माझं ऐकून तर घ्या’ म्हणून कोण ओरडत होतं?”

तेव्हापासून त्या मला हळदीकुंकवाला बोलावतात, पण शेजारी बसत नाहीत. माझं काही अडलेलं नाही.

दुसरे असतात ते शहाणे. ते पेपर वाचून सांगतात की तुमच्या आयोगाला दातच नाहीत, नुसत्या शिफारशी करता. शिफारशी करतो हे खरं आहे. आयोग कुणाला तुरुंगात घालू शकत नाही. तो नोटीस काढतो, आपली माणसं पाठवून चौकशी करतो, भरपाई द्या म्हणतो, खटला भरा म्हणतो. पण अण्णांनाही आता दात नाहीत. कवळी कायम पाण्याच्या वाटीत. म्हणून त्यांनी शेंगदाणे सोडलेत का? दुपारी खलबत्त्यात असे कुटतात की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. दात पडले म्हणून उपाशी बसायची पद्धत आमच्या घरात तरी नाही.

तर ते प्रकरण. शेजारच्या राज्यातला एक तरुण, ट्रकवर माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणारा. त्याचं नाव-गाव मी सांगणार नाही. कागदावर असं होतं की तो मोटारसायकलवरून पळत होता, पोलिसांनी थांब म्हटलं, त्यानं गावठी कट्ट्यातून तीनचारदा गोळ्या झाडल्या, मग पोलिसांनी जिवाच्या रक्षणासाठी झाडल्या. त्याचा साथीदार अंधाराचा फायदा घेऊन पसार. अशा कागदांची भाषा लग्नपत्रिकेसारखी असते, फक्त नावं आणि तारीख बदलायची.

मी अडले ते खोख्यांवर. जप्त केलेल्या वस्तूंमध्ये कट्टा होता, मोटारसायकल होती, चप्पलसुद्धा होती. खोखा एकही नव्हता. त्याचाही नाही आणि पोलिसांचाही नाही. कारण काय, तर अंधार होता आणि शेतात गवत होतं. गवत अण्णांच्या मैदानावरही होतं.

पण फाइल बंद करायच्या यादीत लागली होती, कारण घरच्यांचं म्हणणं आलं होतं. मृताच्या आईचा अंगठा, आणि वर एक ओळ: मला काहीही म्हणायचे नाही. एकदा घरच्यांचं काही म्हणणं नाही म्हटलं की पुढे भांडायचं कुणी? पुढच्या बैठकीत त्यावर शिक्का बसला असता आणि तो पोरगा कायमचा दरोडेखोर म्हणून मिटला असता.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात खालून रिसेप्शनचा फोन आला की एक बाई बसल्या आहेत, कुणाला भेटायचंय ते धड सांगत नाहीत आणि जातही नाहीत. मी खाली गेले. साठीच्या आसपासची बाई, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. तीच ती आई. गावच्या मास्तरांनी तिला सांगितलं होतं की दिल्लीतली फाइल बंद होणार आहे, तेव्हा ती एकटीच जनरलच्या डब्यात बसून आली होती.

मी हिंदीत विचारलं, “पण तुम्ही तर लिहून दिलंय की तुमचं काही म्हणणं नाही.”

ती मग म्हणाली, “नोटिस लेके थानेवाले आए थे, मैडम. वही चार जने. आँगन में खटिया पे बैठे, पानी पिया. पूछा, छोटावाला कहाँ काम पे जाता है, कितने बजे लौटता है. फिर बोले, अम्मा, कुछ कहना तो नहीं है ना? मैंने अंगूठा लगा दिया.”

माझं डोकंच फिरलं. घरच्यांचं म्हणणं मागणारी आयोगाची नोटीस स्थानिक ठाण्यामार्फत पोचवायची, ही आपली जुनी सरकारी रीत. समन्स तसंच जातं, वॉरंट तसंच जातं. यातही तसंच गेलं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण इथे ज्यांनी मारलं तेच दारात येऊन विचारणार, काही तक्रार आहे का! कुंपणानं शेत खायचं आणि वर शेताकडूनच लिहून घ्यायचं, आमचं काही म्हणणं नाही.

मी तिथेच बसून तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवलं, वाचून दाखवलं आणि तडक वर साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. निवृत्ती तोंडावर होती आणि टेबलावर फायलींचा डोंगर.

“मॅडम, ये तो रूटीन है,” ते म्हणाले. “जवाब आ चुका है.”

“सर, ये जवाब नहीं है. ये डर है.”

“डर का कोई कॉलम नहीं होता. और आप डेप्युटेशन पे हैं. वापस अपने डिपार्टमेंट जाना है क्या?”

“चली जाऊँगी, सर. वहाँ की चाय अच्छी है.”

त्यांना हसू आलं, पण सही काही केली नाही. मी टिपण लिहिलं: ज्या ठाण्याच्या पोलिसांवर मारल्याचा संशय आहे, त्याच ठाण्यानं आणलेलं म्हणणं हे म्हणणं धरू नये, मृताच्या आईला समक्ष ऐकावं. साहेबांनी त्यावर लिहिलं, ‘चर्चा करें’. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना कळेल. ‘नाही’ म्हणायचं नसतं तेव्हा ‘चर्चा करें’ लिहितात, आणि फाइल हात हलवत परत येते. मी म्हटलं ठीक आहे, चर्चा तर चर्चा. रोज सकाळी ते खोलीत शिरायच्या आधी मी दारात उभी. ते जेवायला निघाले की मी व्हरांड्यात उभी. शेवटी एकदा त्यांनी वैतागून पेन काढलं आणि सही करता करता म्हणाले, “बड़े ज़िद्दी होते हैं आप मराठी लोग.” मी थँक्यू म्हटलं. शिव्यांमध्ये ही मला सगळ्यात जास्त आवडलेली शिवी आहे.

सुनावणी लागली. तोवर बाई गावाला जायला तयार नव्हती. एकदा गेले तर परत येऊ देणार नाहीत, म्हणाली, आणि ते खरंच होतं. पहाडगंजमध्ये, माझ्या जुन्या मराठी शाळेपासून दोन गल्ल्या सोडून एका धर्मशाळेत ती राहिली. ऑफिस सुटल्यावर मी तिकडे चक्कर मारायची. गावाहून शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप येत होते की अम्मा परत ये, छोट्याला, म्हणजे तिच्या धाकट्या मुलाला, ठाण्यात बोलावलंय. ती फोन ठेवायची आणि पदरानं घाम पुसायची. मी विचारलं, घाबरलात का? म्हणाली, “घबरा तो पहले ही ली थी, बेटी. अब क्या घबराना.” मी त्याच संध्याकाळी साहेबांना फोन केला, आणि या वेळी त्यांनी चर्चा मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आयोगाकडून जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना फॅक्स गेला की या कुटुंबाला त्रास झाला तर जाब तुम्हाला विचारला जाईल. दुपारी छोटा घरी पोचल्याचा फोन आला. बिनदातांचा आयोग म्हणे.

सुनावणीच्या खोलीत तिकडच्या राज्याचे एक अधिकारी आले होते, चकचकीत बूट, बगलेत जाडजूड फाइल. बाई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर अर्धीच टेकली. सुनावणी घेणाऱ्या आयोगाच्या सदस्यांनी तिला सावकाश विचारलं, तुमचं म्हणणं काय आहे? मला धाकधूक होती. वाटत होतं, आता ही रडेल, मुलगा किती गुणी होता ते सांगत बसेल, आणि समोरचा त्याच्यावरचे जुने गुन्हे काढेल.

ती रडली नाही. हात जोडून म्हणाली, “लड़का कैसा था, मैं नहीं बोलूँगी साहब. माँ हूँ, अच्छा ही बोलूँगी. चोर था तो जज साहब बोल देते. मैं मान लेती. इनसे बस इतना पूछ दीजिए, जज साहब के पास ले जाने में क्या दिक़्क़त थी?”

अधिकाऱ्यांनी फाइल चाळायला सुरुवात केली. मग सदस्यांनी माझ्या टिपणावर बोट ठेवून विचारलं, खोखे का नाही सापडले? अंधार होता, सर. “आणि दुसऱ्या दिवशी? सकाळ झाली नाही का तुमच्याकडे?” अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. मागे भिंतीशी उभी असलेली मी सरकारी नोकरीत पहिल्यांदाच शिट्टी वाजवायच्या बेतात होते.

प्रकरण बंद झालं नाही. आयोगाचं स्वतःचं पथक त्या शेतात गेलं, गावातल्या लोकांशी ठाण्याबाहेर बसून बोललं. मग शिफारस गेली: तपास त्या राज्याच्या पोलिसांकडून काढून दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, आईला भरपाई द्या. तिकडून उत्तर आलं, विचाराधीन आहे. आयोगानं पुन्हा विचारलं. पुन्हा विचाराधीन. पुन्हा विचारलं. शेवटी आयोगच कोर्टात गेला, आता ते तिथे चालू आहे. माझी मुदत संपली, मी मूळ खात्यात परत आले. चहा खरंच बरा आहे.

बाईचा फोन येतो अधूनमधून. छोटा कामाला जातो. अंगणातल्या खाटेवर आता ठाण्याचं कुणी येऊन बसत नाही. तारखेला ती स्वतः कोर्टात जाते आणि पहिल्या बाकावर बसते. वहिनींनी परवा विचारलंच, “काय गं, काय झालं तुझ्या त्या गुंडाचं?” मी म्हटलं, “गुंड होता की नव्हता ते कोर्ट ठरवणार होतं, वहिनी. तेवढ्यासाठीच तर चाललंय सगळं.” लिफ्ट आली, आम्ही दोघी चढलो.

मी हे सगळं अण्णांना सांगते. ते खलबत्त्यात दाणे कुटत ऐकतात. त्यांना तारखा, कलमं यातलं काही नको असतं. बाईचा फोन येऊन गेला की ते बत्ता थांबवून एकच विचारतात.

“खोखा सापडला का?”

“अजून नाही, अण्णा.”

“मग घरी जायचं नाही कुणी,” अण्णा म्हणतात, आणि पुन्हा कुटायला लागतात.