डिरेक्टरकाकांचा लांबलेला शॉट

डिरेक्टरकाकांच्या चित्रपटाला मी कात्री लावली, तीही त्यांना न विचारता. आपण त्यांना मदतच करतो आहोत, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती.

लंडनच्या हॅरो भागात आमच्या शेजारच्या घरात हे हंगेरियन गृहस्थ एकटे राहत. बुडापेस्टमध्ये त्यांनी तीन चित्रपट केले. चौथा सरकारने अडवला, तेव्हा देश सोडला. लंडनमधली पुढची सगळी वर्षं साबणाच्या जाहिराती करण्यात गेली. "साबणाने माझे हात तेवढे स्वच्छ झाले," म्हणायचे.

पाहुणा निघाला की ते लगेच दार लावत नसत. तो दिसेनासा होईपर्यंत थंडीत उभे राहत. त्यांच्याकडे येणारा बहुतेक मीच. मी तर शेजारच्याच दारात शिरायचो. तरी माझं दार लागेपर्यंत ते बाहेर असत.

त्यांच्या पहिल्या चित्रपटाची एकुलती एक व्हिडिओ कॅसेट उरली होती. तिची डीव्हीडी करून आमच्या घरी माझ्या मित्रांना दाखवायची असं ठरलं. काकांनी त्यासाठी कोट ड्रायक्लीनिंगला दिला. कॉपी करताना एक शॉट मला फार लांबलेला वाटला. मुलगा आगगाडीने निघून जातो, फलाटावर एक बाई उभी राहते. गाडी गेली तरी कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. मी तो शॉट गाडीबरोबरच संपवला.

रविवारी मित्र जमले, चित्रपट सुरू झाला. त्यांच्यातल्या शिरीषने विचारलं, "काका, गाणं कधी येणार?"

"निर्मात्याने पैसे दिले की," काका म्हणाले, आणि सगळे हसले.

मग फलाट आला आणि गेला. काका उठले, कोट घातला, चहाबद्दल थँक्स म्हणाले. त्यानंतर ते आमच्याकडे कधीच आले नाहीत. मीही बेल वाजवली नाही.

पुढे ते एजवेअरच्या एका केअर होममध्ये गेले. कॅसेट माझ्याकडेच राहिली होती. अखेर तिची पूर्ण कॉपी करून मी त्यांना भेटायला गेलो. तिथल्या टीव्हीवर फलाट आला, तेव्हा त्यांनी त्या बाईकडे बोट केलं.

"ही नटी नाही. माझी आई. देश सोडल्यावर मला परत जाता आलं नाही. ती वारली तेव्हासुद्धा."

"सॉरी," मी म्हणालो.

"कशाबद्दल? शॉट लांबला होता, म्हणून कापलास ना?"

हो म्हणून सुटता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मित्र हसतील असं वाटलं. त्यांच्यासमोर मला तुमची लाज वाटली, काका. माझं चुकलं."