आपाच्या समोरची जागा

रशीदाआपा कोणालाही "कशा आहात?" असे विचारत नसे. तिच्या गाद्यांच्या दुकानात एखादी बाई आली, की दातात धरलेला दोरा न सोडता ती हनुवटीने आपल्या समोरची जागा दाखवी आणि म्हणे, "बसा अंदी. बोलाचं मंग पाहू." ती जागा म्हणजे जमिनीवर पसरलेल्या रजईची पलीकडची कड. तिच्या दुकानात एक रजई दोघींनी शिवायची रीत होती. दोघी समोरासमोर बसत आणि आपापल्या कडेपासून टाके घालत मध्याकडे सरकत. अगदी मधली ओळ सर्वांत शेवटी. शिवताना दोघींच्याही नजरा कापडावर. जी समोर बसे, तिला आपा "माही समोरवाली" म्हणे.

अनया आणि ईशान, तुमची नलूआजी, म्हणजे माझी धाकटी बहीण, आपाची समोरवाली झाली. नलूला अकोल्यातल्या जठारपेठेतल्या या घरात मी आणले, तिच्या औषधांच्या वेळा मी सांभाळल्या, आणि मी मात्र दुकानाबाहेर ऑटोत बसून राहत असे. तुम्ही आपाला कधी पाहिले नाही. पण तिच्या हातची एक रजई पार्सलने तुमच्याकडे निघाली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहिते. नीट आणि क्रमाने लिहीन. निःपक्षपातीपणे लिहीन असे मात्र वचन देत नाही.

तुमचे भाऊआजोबा, म्हणजे नलूचे यजमान भाऊराव, मूर्तिजापूरजवळ हमरस्त्यावर गेले, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. ट्रकची धडक होती. नलू तिथेच होती आणि तिला खरचटलेसुद्धा नाही. मी तिला अकोल्याला घेऊन आले तेव्हा ती बोलत असे, पण फक्त "मीठ कमी आहे" किंवा "दार लावलंस का" इतकेच. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की कानांवर हात घेऊन ती जिथे असेल तिथे खाली बसे. फाटकाबाहेर पाऊल नाही. त्या दिवशी रस्त्यावर काय झाले, ते तिने मला सांगितले नाही. लहानपणी गणितात नापास झाली तेव्हा तिने बाबांच्या आधी मला सांगितले होते. त्यामुळे माझी खात्री होती, की सांगेल तेव्हा हीसुद्धा गोष्ट ती मलाच सांगेल. मी वाट पाहत होते. दुसरे कोणी रांगेत आहे, हे मला माहीत नव्हते.

दिवाळीनंतर जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घ्यावा, म्हणून मी जुन्या शहरातल्या पिंजाऱ्याच्या दुकानात निरोप पाठवला. वाटले, कोणी पुरुष माणूस येईल. आली ती रशीदाआपा. उंच, हाडापेराची, केसांत आणि भुवयांत कापूस अडकलेला. नवऱ्यामागे दुकान तीच चालवत होती आणि हे आल्या आल्या सर्वांना सांगत होती. पिंजलेल्या कापसाची गादी गच्चीवर भरताना तिने जिन्याच्या दाराआड उभ्या असलेल्या नलूला पाहिले.

"ओ बाई, तिथं काय उभ्या हा? इकडं या, हा कोना धरा. घट्ट धरा ना बापा, गादी हाये, फूल नाई!"

आणि नलू गेली. "जरा उन्हात चल गं," असे मी कित्येक महिने किती गोड आवाजात म्हणत होते. त्या बाईने तिच्यावर खेकसून तिला गच्चीच्या मधोमध उभे केले.

जाताना आपा मला म्हणाली, "मॅडम, तुमची बहीन कापडाले चांगला ताण देते. पाठवा तिले माह्याकडं."

"ती बाहेर जात नाही," मी म्हणाले.

"काहून? पाय तं बरे दिसून राहिले."

मला तिचा भयंकर राग आला. पण त्या दुपारी नलूने दोन घास जास्त खाल्ले, हेही मी पाहिले.

पुढची कल्पना मात्र माझी. हे वाक्य ठळक अक्षरांत छापले आहे असे समजून वाचा. आपाच्या दुकानाला लागून एक बुद्धविहार आहे. तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष वत्सलाताई माझ्या ओळखीच्या होत्या आणि त्यांचा हॉल दिवसभर रिकामा असे. आमच्या निवृत्त प्राध्यापिकांच्या मंडळाला भजनापलीकडे काही काम हवे होते. सरकारी रुग्णालयातली एक तरुण समुपदेशक आठवड्यातून एकदा यायला तयार झाली. अकोल्यात शिकवण्यांसाठी येणाऱ्या मुलांची वसतिगृहे वाढली आहेत, त्यांना गाद्या लागतात. ती कामे मी स्वतः फिरून मिळवली. ज्या बायकांच्या घरात आक्रीत घडले आहे, म्हणजे कोणाचे माणूस गेलेले, कोणाचे घर मोर्णेच्या पुरात वाहिलेले, कोणी नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेली, त्यांनी हॉलमध्ये त्या समुपदेशक मुलीजवळ मन मोकळे करावे आणि मग आपाच्या दुकानात शिवणकाम करून स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी ती योजना. विहार, दुकान आणि आमचे मंडळ, तिघांनी मिळून. अर्ज मी लिहिले. ठराव मी लिहिले. वेळापत्रक तर मी अतिशय सुंदर केले होते.

उद्घाटनाला शाल कोणाला मिळाली? आपाला. तिने भाषणही केले.

"मॅडमनं लय धावपळ केली. जागा वत्सलाताईची, कागद मॅडमचे, कापूस माहा. आता तुमीच सांगा, कागद पांघरून कोनाले झोप येते?"

सगळा हॉल हसला. त्या फोटोत मीही हसते आहे. फोटो मोठा करून पाहिलात, तर फक्त दात हसताहेत हे दिसेल.

नलू जाऊ लागली. पहिल्या दिवशी ऑटोत तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. ते वळ मला आवडले होते. नंतर ती नुसतीच शेजारी बसू लागली. मी तिला दारापर्यंत सोडायची आणि ऑटोवाल्याला थांबवून ऑटोतच पुस्तक वाचत बसायची. हॉर्न वाजला आणि नलू घाबरली, तर कोणी जवळचे असायला नको का? एकदा वाचता वाचता आतून हसणे ऐकू आले. माझ्या बहिणीचे हसणे. भाऊराव गेल्यापासून मी ते ऐकले नव्हते. कशावर हसल्या, ते मला कोणी सांगितले नाही.

आपा काही देवदूत नव्हती. तिचे मत असे, की गोळ्यांनी माणूस सुस्त होतो. "टाका लांब पडून राहिला, नलू. गोळ्यांनं हात झोपते. सोड त्या." नलूने मला न सांगता गोळ्या सोडल्या. पुढच्या आठवड्यात ती अंथरुणातून उठेना. कुकरच्या शिट्टीलाही कान झाकू लागली. कारण कळले तेव्हा मी प्रथमच त्या दुकानाची पायरी चढले.

"आपा, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाई."

"मग गोळ्या कशाला बंद केल्यात?"

तिने सुई कापडात टोचून ठेवली. तोवर समुपदेशक मुलगीही हॉलमधून आली आणि तिने आपाला माझ्यापेक्षा कडक शब्दांत सुनावले. आपा सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "चुकलं माह्यं. बाई, सपशेल चुकलं." नलू परत उभी राहिली तेव्हापासून दुपारच्या चहाच्या बशीत आपा स्वतः गोळी ठेवू लागली. "घे वं, नाई तं मॅडम येईन वर!" खटला मी जिंकले होते. पण दुपारची गोळी माझ्या हातून गेली ती गेलीच.

सीताफळांचे दिवस आले. नलूला लहानपणापासून सीताफळ फार आवडे, म्हणून दरवर्षी मी निवडून आणत असे. ती "नंतर खाते" म्हणायची आणि फळे घरात काळी पडायची. एका दुपारी आपा दुकानातून बाहेर आली आणि ऑटोत डोके घालून म्हणाली,

"मॅडम, घरी सीताफळं आनत जाऊ नका."

"का?"

"नका आनू म्हनते ना."

"पण काहून?" मीही तिच्याच भाषेत विचारले.

"ते तिनं सांगाचं हाये. माह्या तोंडून निंगनार नाई."

म्हणजे नलूने सांगितले होते. जे ऐकायला मी घरात, जेवणाच्या टेबलावर, तिच्या उशाशी बसून थांबले होते, ते रजईच्या पलीकडच्या कडेला कधीच पोहोचले होते. मी पुस्तक मिटले.

"तुम्ही असं काय केलंत, की ती तुमच्याशी बोलली?"

"काईच नाई. मी तिच्याकडं पाह्यलंच नाई. तुमी तिच्याकडं सारख्या पाह्यता, मॅडम. पेपर तपासल्यावानी."

मी पेपर उत्तम तपासत असे, हे तुम्हाला माझा कोणताही विद्यार्थी सांगेल.

मग आपाला दम लागू लागला. कापसाचे तंतू आयुष्यभर छातीत गेलेले. तिची मुलगी तिला उपचारांसाठी अमरावतीला घेऊन गेली. एका सकाळी चहा पिताना नलू म्हणाली, "ताई, मी अमरावतीला जाते. बसने."

अमरावतीचा रस्ता मूर्तिजापूरवरूनच जातो. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन अमरावतीला झाले, तेव्हा नलू फाटकात उभी राहून रडली होती. तिला येववले नव्हते. मी तिला तेव्हा काही बोलले नाही. त्या सकाळीही तो विषय काढला नाही. म्हणाले, "मी येते सोबत." बस मूर्तिजापूरकडे येऊ लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नलू खिडकीतून बाहेर पाहत होती आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. जणू मलाच धीर हवा होता.

आपा वाळून गेली होती, पण आवाज तोच. कोपऱ्यात घडी केलेली रजई होती. "तुमच्या नातवाईसाठी हाये. तिकडं बरफ पडते म्हने." दोन्ही बाजू शिवून झाल्या होत्या, एक आपाची, एक नलूची. मधली ओळ तेवढी मोकळी.

"नलू, ही मॅडमसंगं घाल."

"मला शिवता येत नाही, आपा."

"मालूम हाये. पन नलूसमोर बसाले काय होते?" बोलता बोलता तिला खोकला आला. तो थांबल्यावर ती माझ्याकडे न बघता, पांघरुणाकडे बघत म्हणाली, "मी तुमच्यावर लय जळली, मॅडम. माह्यासाठी कोनी कदी असं उन्हात ऑटो लावून बसलं नाई."

आपल्यावर कोणी जळते आहे हे ऐकून इतके बरे वाटेल, असे मला वाटले नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आपा गेली.

नलूने ती रजई आमच्या गच्चीवर पसरली, त्याच जागी जिथे आपाने तिच्या हातात गादीचा कोना दिला होता. मला पलीकडे बसवले, सुईत दोरा ओवून दिला. मी टाके घालू लागले. कापडाकडेच पाहावे लागत होते, नाहीतर बोटात सुई जात होती. माझे चार टाके पडले, चारही वाकडे. मग तिचा आवाज आला.

"ताई, सीताफळं मला हवी होती."

मी शिवत राहिले.

"ते नको म्हणत होते, उशीर होतोय म्हणाले. मीच थांबवलं. मी टोपलीपाशी होते. ते रस्त्याच्या कडेला स्कूटर धरून उभे होते."

मी वर पाहिले नाही. "हं," म्हणाले, आणि पुढचा टाका घातला. तो कुठे पडला, ते मला दिसले नाही.

आता दुकानात आपाच्या जागी नलू बसते. नवी बाई आली की तीही हनुवटीने समोरची जागा दाखवते, अगदी आपासारखी, आणि ते पाहून मला अजून कसेसेच होते. मी आता ऑटोत थांबत नाही. आत एका खुर्चीवर बसून वसतिगृहांची कामे पाहते.

मुलांनो, रजई उघडलीत की एका बाजूला मोठे, ठसठशीत टाके दिसतील, ते आपाचे. दुसऱ्या बाजूचे बारीक आणि सरळ आहेत, ते नलूआजीचे. मधली वाकडीतिकडी ओळ माझी. ती उसवून नीट करून घेऊ नका. आणि ही रजई कोणी शिवली असे कोणी विचारले, तर आपाचे नाव अवश्य सांगा, पण आधी बोट त्या वाकड्या ओळीवर ठेवा.