आक्कांच्या मांजरीचा उपास

फळांची पिशवी घेऊन आमच्या मुलुंडच्या चाळीचा जिना चढला, की शेजारच्या आक्का दारातूनच विचारायच्या, "ह्यां मांजराक चलात काय गो?" पिशवीत काय आहे ते मागाहून बघायच्या. मी आपली कचेरीतली टायपिस्ट, मला काय ठाऊक असणार?

आक्का मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्या आणि बाळी नावाची मांजर. आक्कांच्या उपासाला घरात मासा शिजत नसे, म्हणून बाळीलाही उपास घडे. ती उपाशी राहील या धास्तीने आक्का तिला केळं, पपई दुधात कुस्करून देत. तेही आधी स्वतः खाऊन, घटकाभर वाट बघून. "मुको जीव. पोटात दुखला तर सांगतलो कोणाक?" म्हणायच्या.

महाशिवरात्रीला मी द्राक्षं आणली. आक्का देवळात होत्या आणि बाळी माझ्या पायांत घोटाळत होती. चार द्राक्षं चिरून दुधात घातली. तिने ती खाल्ली, मला कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळी ओकली आणि मोरीत जाऊन बसली ती हलेना. आक्का म्हणत होत्या, केळंच बाधलं, माझंच चुकलं. द्राक्षांचं न सांगताच मी रिक्षा आणायला धावले. रिक्षात त्यांचा हात टोपलीतल्या बाळीवर होता. दवाखान्याच्या पायरीवर मात्र मला राहवेना, द्राक्षांचं सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "डॉक्टराक सांग" एवढंच म्हणाल्या.

द्राक्षांनीच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. पण मांजराला फळं हवीत कशाला, मासा द्या, म्हणाले. बाळी तीन दिवस अन्नाला शिवली नाही. तिचं पोट हलतंय ना, हे बघितल्याशिवाय माझा पाय कचेरीकडे वळत नव्हता.

सोमवारी आक्कांच्या घरातून बांगड्याचा वास आला. जन्मात त्यांनी सोमवारी मासा शिजवला नव्हता. बाळी हळूहळू खात होती. "देवाक सांगलंय मी," आक्का म्हणाल्या. "तो रागावचो नाय."

द्राक्षांवरून मला त्या कधीच बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

दोन वर्षांनी आक्का कायमच्या गावी निघाल्या. तिथे पुतण्याकडे कुत्रे होते, बाळीला नेणं शक्य नव्हतं. त्यांनी बाळीची टोपली माझ्याच हातात दिली. मी घाबरले. "माझे उपास माझ्यावांगडा जाऊंदेत," त्या म्हणाल्या. "तिका मासो घाल."

आमच्या घरात अंडंही येत नसे. त्या संध्याकाळी नाकाला पदर लावून मी मासळीबाजारात उभी राहिले आणि कोळणीला विचारलं, "यातलं मांजराला काय चालेल?"