क्षचा डबा

कापड रंगवायच्या कारखान्यात तिला सगळे निळीबाई म्हणत, कारण बावीस वर्षांत तिची नखं दुसऱ्या रंगाची कुणी पाहिली नव्हती. शाळा सहावीतच सुटलेली. पण लेकीचा अभ्यास घेता घेता बाई बीजगणित शिकली, आणि अशी नादावली की हौदाच्या कडेला बसून वहीत समीकरणं मांडू लागली. हौदात सहा मापं रंग आधीचाच उरलाय, वर तीन बादल्या ओतायच्या, एकूण एकवीस मापं हवीत. म्हणजे तीन क्ष अधिक सहा बरोबर एकवीस. सहा पलीकडे नेले की वजा, उरले पंधरा, तिनाने भागले की बादलीत पाच. तिचा हौद कधी फिका पडला नाही.

मुख्य रंगाऱ्याची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपलीच, असं ती धरून चालली होती. पण थोरल्या नणंदेचा नवरा तिथेच मुकादम होता. या भावोजींनी तिची वही लांबवली, स्वच्छ प्रत काढली आणि मालकिणीपुढे स्वतःची म्हणून ठेवली. वर म्हणतात कसे, "वहिनींना कुठलं जमतंय हे!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पदर खोचला आणि पुढचा हौद ढवळायला घेतला.

चौथ्या दिवशी भावोजी हळूच जवळ आले. "वहिनी, ते क्ष कुठल्या डब्यात असतं हो?"

तिने हसू गिळलं. "वरच्या फळीवर, भावोजी. अगदी मागे."

शनिवारी मालकीण सगळ्यांसमोर म्हणाली, "मुकादम, या हौदाचं गणित करून दाखवा."

मुकादमांनी छाती फुगवून कोठारवाल्या म्हाताऱ्याला फर्मावलं, "क्षचा डबा घेऊन या!"

म्हातारा शिडी चढला, धूळ खाऊन उतरला. "संपलेला दिसतोय, साहेब."

"मग मागवा की!"

लोक पोट धरून हसले. निळीबाईने खडू घेऊन हौदाच्या भिंतीवर चार ओळींत उत्तर काढलं, आणि जागा तिला मिळाली. दया आली का? छे! तिला फार फार बरं वाटलं.

सोमवारी भावोजी मान खाली घालून आले. "मी काय करू?"

"हौद घासा. किती, ते तुम्हीच काढा. दुप्पट करून एक मिळवला की पंधरा होतात."

त्यांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली. मग मुकाट्याने पंधराच्या पंधरा घासले. ती दारात उभी राहून बघत होती, आणि सातव्या हौदानंतर तिने त्यांना थांबवलं नाही.