सावरलेली रेघ

आमच्या घरात दोन टेबलं होती, एकमेकांना लागून. खिडकीजवळचं नवऱ्याचं, भिंतीजवळचं माझं. ते कागदावर चित्रं काढायचे. कापसावरची बोंडअळी, तुरीवरची शेंगअळी, आतून पोखरलेलं सोयाबीनचं खोड. चित्र वाळलं की कागद माझ्याकडे यायचा. मी तो स्कॅन करायची, लॅपटॉपवर मोठा करून डाग पुसायची, नावं टाकायची, मजकुराशी जुळवून पानं लावायची आणि पुस्तिका छापायला पाठवायची. परभणीत बसून शेतीच्या पुस्तिकांवर कुणाचं घर चालतं, हे आमच्या नातेवाइकांना कधी खरं वाटलं नाही.

लॅपटॉपवर चित्र मोठं केलं की काढणाऱ्याचा हात दिसतो. अळीच्या अंगावरचे केस काढताना त्यांनी कुठे श्वास रोखला, कुठे निब कागदात रुतली, कुठे कंटाळा आला होता, ते मला बरोबर कळायचं. मी कधी कधी विचारायची, "अहो, या पायापाशी कुणी हाक मारली होती का?" ते हसायचे. बहुतेक वेळा मारलेली असायची.

मग टॅबलेट आला. प्रकाशकाचंच म्हणणं होतं की आता कागद, शाई, स्कॅनर हे सगळं सोडा, चित्र थेट पडद्यावर काढा. जेवणाच्या ताटाएवढी काच आणि सोबत पांढरा पेन. आमचे हे पन्नाशी ओलांडलेले, मोबाईलवर साधा निरोप लिहायचा तरी माझ्याकडे फोन देणारे. मला वाटलं, ही वस्तू कपाटात जाणार. पण झालं उलटंच. सुरुवातीला ते चाचपडले, मग जे बसले ते उठेचनात. कागद संपले तसे नवे आणले नाहीत. शाईची बाटली सुकून गेली.

"लॅपटॉप काढून टाक आता," ते एकदा म्हणाले. "याच्यात सगळं होतंय."

"आणि मजकूर कुठं लिहू? काचेवर बोटं आपटत?"

"कीबोर्ड जोडता येतो त्याला."

"छापखान्याला तो जुनाच फॉन्ट लागतो. तो चढतो का तुमच्या काचेवर?"

"छापखानाही बदलेल कधीतरी."

असा वाद आमचा उन्हाळाभर चालला. गमतीतच चालला. त्यांचंही खरं होतं. चित्राच्या कामात लॅपटॉप त्या काचेच्या जवळपासही पोचत नव्हता. रंग तिथेच, चूक झाली तर खोडणं तिथेच. आणि माझंही खरं होतं. साठ-सत्तर पानांची पुस्तिका बांधायची, एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला दुरुस्त्या उघड्या ठेवायच्या, तर त्या काचेवर जीव मेटाकुटीला यायचा. तरी हळूहळू नावं टाकणं, मुखपृष्ठ लावणं तेच करायला लागले. चित्रं परस्पर प्रकाशकाकडे जायला लागली, माझ्याकडे नुसता मजकूर उरला. स्कॅनरवर मी कापड घातलं. त्यांची चित्रं आता मला छापून आल्यावरच दिसायची.

प्रकाशकाचा फोन आला, "ताई, यांची रेघ आधीपेक्षा स्वच्छ झालीय." मला बरं वाटलं.

त्याच दिवसांत घरात बारीकसारीक बदल व्हायला लागले. ते म्हणाले, चहा अर्धाच कप देत जा. शर्ट घालायचं सोडून ते गोल गळ्याचे बनियनसारखे टी-शर्ट घालू लागले. वरण-भात चमच्याने, तोही डाव्या हातात. चालताना एक चप्पल फरशीवर घासत यायची. तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकायची आणि भाजीत लक्ष घालायची. बोलणंही हळू झालं होतं. मला दोनदा विचारावं लागायचं. प्रत्येक गोष्टीला मी एक कारण शोधून ठेवलं होतं. चहाने पित्त होतं. उकाड्यात बटणं कुणाला नको होतात. दिवसभर पेन धरून हात अवघडतो. अशी कारणं सापडत गेली की माणूस आणखी शोधत जातो.

पुढच्या वैशाखात पिंगळीला माझ्या धाकट्या बहिणीकडे लग्न होतं, तिच्या मुलीचं. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात दाराशेजारच्या भिंतीवर गणपती काढायचा मान यांचा. एरवी बोलवायच्या आधीच निघणारा माणूस या वेळी म्हणाला, "छापील लावा की, छान मिळतात हल्ली." बहीण ऐकते होय! तिने फोनवरच रडायची तयारी केली, तेव्हा आले.

भिंत नुकतीच चुन्याने पांढरी केलेली होती. सकाळची वेळ होती, अंगणात मांडव उभा राहत होता. ते ब्रश घेऊन भिंतीसमोर उभे राहिले ते राहिलेच. मग सोंडेची पहिली रेघ सुरू केली.

मी हळदीचं ताट घेऊन मागून चालले होते. रेघ वरून खाली आली ती सरळ आलीच नाही. बारीक दाते पडत आली, करवतीला असतात तसे. त्यांनी थांबून दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि पुन्हा लावली. पुन्हा तेच.

बहीण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आक्का, दाजीला थंडी वाजायलीय का गं?"

वैशाखातलं ऊन, पत्रे तापून कडकड वाजत होते.

"लय जागरण झालंय त्यांना," मी म्हणाले.

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि म्हणाले, "चुना ओला हाय अजून. रंग धरत न्हाई." घरात ते असं बोलत नसत. गावाकडचं बोलणं त्यांच्या तोंडी आलं की ते काहीतरी लपवत असत, एवढं मला ठाऊक होतं. चुना खडखडीत वाळलेला होता. दुपारी बहिणीने बाजारातून गणपतीचं चित्र आणवलं आणि त्या दोन रेघांवर चिकटवलं.

परत आल्यावर एका सकाळी ते भाजीला गेले होते. मी टॅबलेट उघडला. त्यांचं अर्धवट फुलकिड्याचं चित्र होतं, पंखांची झालर इतकी नितळ की डोळे निवावेत. मी कोऱ्या जागेत पेन टेकवला आणि मुद्दाम हात हलवत एक वेडीवाकडी रेघ ओढली. पेन पुढे गेला. रेघ त्याच्या मागून आली, जरा उशिरा, आणि आली ती तारेसारखी ताठ. माझ्या हाताचं हलणं तिच्यात कुठेच नव्हतं.

पेनच्या सेटिंगमध्ये रेघ सावरून धरायची सोय असते. एक छोटी पट्टी आणि तिच्यावर सरकणारा ठिपका. तो ठिपका पार उजव्या टोकाला होता. पुढे जायला जागाच उरली नव्हती. मी तो मागे आणला, अगदी सुरुवातीला, माझी रेघ पुसली आणि काच होती तशी ठेवून दिली.

ते आले, पिशवी ठेवली, टेबलापाशी बसले. मी लॅपटॉपवर उगाच एक पान वर-खाली करत होते. त्यांनी पेन टेकवला. पंखाची कड काढायला घेतली. पडद्यावर पिंगळीच्या भिंतीवरची ती रेघ उमटली, तशीच दातेरी.

ते दचकले नाहीत. मला वाटलं होतं, घाबरतील, मला हाक मारतील. त्यांनी रेघ खोडली, सेटिंग उघडलं, ठिपका शोधला आणि बोटाने उजवीकडे ढकलत टोकाला नेला. रोज चष्मा लावावा इतक्या सवयीने.

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवला. उजवा हात मांडीखाली सरकवला.

"टॅबलेट घेतला त्याच्या आधीपासून. कागदावर जमेना झालं होतं. तू ते मोठं करून बघायचीस ना."

"म्हणून लॅपटॉप काढ म्हणत होता?"

"आधी ठिपका मधेच होता," ते म्हणाले. "मग जरा पुढं. मग अजून जरा. मला वाटलं, टोकाला जाईपर्यंत काहीतरी होईल."

नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं टपटप आपटायला लावली. शेवटी कोरा कागद आणि साधा बॉलपेन पुढे सरकवून म्हणाले, "एक गोल काढा, आतून बाहेर फिरत जाणारा. जिलेबीसारखा." हजारो अळ्या-किड्यांची चित्रं काढलेला माणूस ती जिलेबी काढत होता आणि मी खिडकीतून रस्त्यावरची रहदारी बघत होते. कंपवात, डॉक्टर म्हणाले. लवकर यायला हवं होतं, असंही म्हणाले. रागाने नाही, नेहमीचं म्हणतात तसं.

गोळ्यांनी फरक पडला. सकाळची गोळी घेतल्यावर दुपारपर्यंत हात बराच ऐकतो, तेवढ्यात ते चित्रं काढतात. त्या काचेशिवाय ते आता काढू शकणार नाहीत, म्हणून तिच्यावर मी रागावूही शकत नाही. लॅपटॉप माझ्याकडेच राहिला. आता प्रत्येक चित्र आधी माझ्याकडे येतं, असं मी बजावून ठेवलंय. पण मोठं करून पाहिलं तरी त्यात काही दिसत नाही. सगळ्या रेघा सारख्याच चांगल्या. म्हणून मी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि ते काढत असताना त्यांच्या हाताकडे बघते. परवा डाव्या हाताची करंगळी हलताना दिसली. मी पटकन लॅपटॉपकडे वळले. त्यांनीही तो हात टेबलाखाली घेतला.

मागच्या आठवड्यात प्रकाशकाने नवं काम विचारलं. मराठवाड्यातल्या सगळ्या पिकांवरच्या किडी, एक मोठं पुस्तक, दोन वर्षांत पूर्ण करून द्यायचं. होकार लॅपटॉपवरून मीच कळवणार होते. दोन वर्षांपाशी माझी बोटं थांबली.

"लिही की," ते मागून म्हणाले.

मला नीट ऐकू आलं नव्हतं. मी मान वळवली.

"लिही. हो म्हणून लिही."

मी लिहिलं.